माप राहिलं

मास्तरांकडे एकच शब्द शिल्लक राहिला, आणि तो कुठला राहावा? परवा.

ज्यांनी कधी शिंप्याकडे कपडे टाकलेत त्यांना यातली गंमत सांगायला नको. एकतीस वर्षं मास्तर दुकानातल्या लाकडी फळीमागे उभे राहून हाच शब्द वाटत आले. सदरा कधी मिळेल? परवा. कोटाची ट्रायल? परवा. गिऱ्हाइकं चिडून विचारायची, “कुठला परवा मास्तर, येणारा की गेलेला?” तेव्हा ते ओठात धरलेली टाचणी न काढता हसायचे. गल्लीत सगळे त्यांना परवामास्तरच म्हणतात. मी त्यांची बायको. मला ते ‘अगं’ म्हणायचे.

चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी दाताचे डॉक्टर पँटचं विचारायला आले. मास्तर म्हणाले, “परवा,” आणि हातातली कात्री सुटली. मी मागच्या खोलीत काजं करत बसले होते. कात्री पडल्याचा आवाज ऐकून मी आधी ओरडलेच, कारण ती कात्री मी नुसती कागदाला लावली तरी ते दोन दिवस धुसफुसायचे. बाहेर येऊन बघते तर मास्तर फळीला टेकून खाली बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. दाताचे का होईना, डॉक्टर हजर होते म्हणून वेळेत गाडी आली आणि जीव वाचला.

उजवा पाय हळूहळू परत आला. उजवा हात आला नाही. आणि बोलणं गेलं. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, “त्यांना बरंचसं कळतं. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बुजली आहे.” पाणी हवं, परवा. पाय दुखतोय, परवा. लेकीचा फोन आला, परवा. रागावलेला परवा वेगळा आणि लाडात आलेला परवा वेगळा, हे मला आठवडाभरात कळायला लागलं. पण नुसत्या सुरावर संसार कसा चालवायचा?

त्यात मानही दगा द्यायची. हो म्हणायचं असलं की कधी उभी हलायची, कधी आडवी. एकदा मी वैतागून विचारलं, “अहो, तुम्ही चहाची किटली आहात का?” त्यांनी अगदी गंभीरपणे मान डोलावली. मी हसले, आणि मग मागच्या खोलीत जाऊन रडले.

आमची लेक दुसऱ्या शहरात असते. स्वभाव माझाच, एकदा ठरवलं की ठरवलं. तिने ठरवलं की आई-बाबांनी आता तिच्याकडे राहायला यायचं, आणि दुकान व मागच्या दोन खोल्या महिनाअखेर मालकाच्या ताब्यात द्यायच्या. तिने बाबांना विचारलं नाही असं नाही. त्यांच्यासमोर बसून, हात हातात घेऊन विचारलं, “बाबा, याल ना माझ्याकडे?”

“परवा,” मास्तर म्हणाले आणि मान डोलावली.

लेकीने डोळे पुसले आणि तिथूनच मालकाला फोन लावला. पण अगदी अशीच मान किटलीच्या वेळी डोलली होती. ज्या माणसाने एकतीस वर्षं त्या फळीमागून जग पाहिलं, त्याचं दुकान त्याच्या मनाविरुद्ध बंद करायचं म्हणजे त्याला घडी घालून कपाटात ठेवून देण्यासारखंच होतं. आणि त्याच्या मनात जायचंच असेल तर? विचारायचं कसं? माझ्या हातात तीन आठवडे होते.

अशात त्यांना बोलणं शिकवायला येणारी थेरपीवाली मुलगी एक पाटी घेऊन आली. ती तिला टॅब म्हणते, मी पाटी म्हणते. पाटीवर चौकोन, चौकोनात चित्र, चित्राखाली शब्द. बोट ठेवलं की आतून एक पुरुष बोलतो, बातम्या सांगितल्यासारखा, स्वच्छ आणि निर्विकार. मास्तरांचा आवाज म्हणजे घोगरा, अर्धा घशात अडकलेला. मी मुलीला तोंडावर सांगितलं, “ह्या माणसाला मी माझ्या घरात बोलू देणार नाही.”

“काकू, हा माणूस नाही, बटणं आहेत,” ती म्हणाली. “कुठले शब्द घालायचे ते तुम्हीच सांगा.”

मग मी सांगितले. पाणी, जेवण, औषध, संडास, दुखतंय, झोप, थंडी, हो, नाही. दुसऱ्या पानावर माणसांचे फोटो: लेक, जावई, नातू, दाताचे डॉक्टर, समोरचा गॅरेजवाला, थेरपीवाली स्वतः, आणि दुकानात ठाण मांडून बसणारी शेजारच्यांची मांजर.

“आणि तुमचा फोटो?” मुलीने विचारलं.

“मी कुठे चाललेय? दिवसभर समोरच असते. मला बटण कशाला?”

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाटी बंद केली.

पहिले पाच दिवस मास्तरांनी त्या पाटीला दाद दिली नाही. मी त्यांचं बोट धरून पाण्यावर ठेवायची. बातम्यावाला म्हणायचा, “पाणी.” मी पाणी आणायची. ते पाण्याकडे बघायचे नाहीत, माझ्याकडे बघायचे. सहाव्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने पाटी उचलली, पालथी घातली आणि तिच्यावर औषधाची बाटली ठेवली. मी भडकले. “ती पोर एवढ्या लांबून येते, आणि तुम्हाला बोट टेकवायला जड होतंय? तुमचे नखरे मी मेले तरी संपायचे नाहीत!” त्यांनी तोंड फिरवलं. आता वाटतं, मीही तेच केलं असतं. संडास आणि औषध एवढ्यात मावण्याइतका माणूस लहान असतो का? पण तेव्हा माझ्या डोक्यात हे शिरलं नाही.

थेरपीवालीच्या मात्र शिरलं. बाटली बघून ती हसली आणि पलंगाच्या कडेला बसली. “काकू, हे सगळे आजारी माणसाचे शब्द झाले. काका आजारी पडायच्या आधी दिवसभर काय बोलायचे?”

“परवा!” मी म्हटलं.

“अजून?”

अजून? मी उठलेच. दोन्ही हात कमरेवर ठेवले, चष्मा नाकाच्या टोकावर ओढला आणि मास्तरांच्या घोगऱ्या आवाजात सुरू झाले: “या या. काय शिवायचं? हात वर करा. श्वास रोखू नका, पोट आत घेऊन माप चोरू नका. घट्ट होतंय का? सैल होतंय का? अगं, टेप कुठे ठेवलास? हे काय केलंस? माप चुकलं. उसव. सगळं उसव. गाढवपणा नुसता!”

पलंगावरून आवाज आला. आधी मला वाटलं खोकला. वळून बघते तर मास्तर हसत होते. अर्ध्या तोंडाने, खांदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मग आम्ही दोघी दुकानात गेलो. कोपऱ्यात धूळ बसलेली शिवणयंत्रं, भिंतीवर कापड बेतायचे पुठ्ठे, खिळ्याला टेप. मुलीने एकेका गोष्टीचा फोटो काढला आणि मी शब्द सांगत गेले. माप. कात्री. अस्तर. बाही. घट्ट. सैल. उसव. पुन्हा शिव. राहिलं. काय शिवायचं? ‘गाढवपणा’ला कशाचा फोटो द्यायचा यावर आमचा बराच वाद झाला. शेवटी मी एकदा उलट्या बाजूने शिवलेली बाही सापडली, ती लावली. “परवा घालायचं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “तेवढं एक त्यांना येतं, पाटीला नको शिकवू.”

नवं पान मास्तरांसमोर धरलं तेव्हा त्यांनी चष्मा मागितला, म्हणजे नाकाला हात लावला. मग एकेक चौकोन बघत गेले. किती वेळ! त्यांनी डाव्या हाताची तर्जनी ‘उसव’वर ठेवली.

“उसव,” बातम्यावाला म्हणाला.

पुन्हा ठेवली. “उसव.” मग त्या हाताने त्यांनी माझ्या बाहीची कड पकडली आणि वर धरून दाखवली. परवाच, म्हणजे गेलेल्या परवाच, मी ती घाईघाईत शिवली होती. टाके वाकडे पडले होते. मला वाटलं होतं, कुणाला दिसणार आहे?

ते सगळं आत होतं. नजर, काम, खोड काढायची सवय, सगळं जसंच्या तसं, चार महिने दाराआड बसलेलं. मी बाहेरून “पाणी हवं का, पाणी हवं का” ओरडत होते, आणि आतला माणूस माझे टाके मोजत होता.

दोन दिवसांनी गॅरेजवाला भेटायला आला. मास्तरांनीच आदल्या वर्षी शिवलेली पँट घालून आला होता. मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बोट ठेवलं. “घट्ट.”

“नाही हो मास्तर, अगदी बरोबर बसते,” तो म्हणाला आणि पोट आत घेतलं.

मास्तरांनी पान उलटलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते सरळ त्या जुन्या, आजारी माणसाच्या पानावर गेले, तिथे ‘जेवण’ शोधलं आणि त्याच्या मागोमाग ‘नाही’.

“जेवण. नाही.” बातम्यावाला अगदी गंभीर आवाजात बोलला. गॅरेजवाला खो खो हसत सुटला. मी नाही हसले. मी हातातली ताटली तशीच धरून उभी राहिले. दोन वेगळ्या पानांवरचे शब्द होते ते, एक दुकानातला, एक दुखण्यातला. त्या दोन पानांना टाका घालून मास्तरांनी त्यातून थट्टा शिवली होती. आपण दिवसभर इतकं बडबडतो, शब्दाला शब्द कसा जोडतो याचा कधी विचार तरी करतो का? मी त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं, एका बोटाने, एकेक शब्द. इतकी थक्क मी नातू जन्मला तेव्हा झाले होते, त्यानंतर आत्ता.

थेरपीवालीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आता विचारू या त्यांना. खरा प्रश्न.”

तोपर्यंत महिन्याचा शेवटचा शनिवार आला होता. लेक सकाळीच आली, पुठ्ठ्याचे बारा खोके घेऊन. चार वाजता मालक किल्ली घ्यायला येणार होता. थेरपीवालीने तिला समजावून सांगितलं की मानेवर विश्वास ठेवायचा नाही. पाटीवर ‘जायचं’, ‘राहायचं’ आणि ‘माहीत नाही’ असे तीन चौकोन करायचे, तीनदा विचारायचं, आणि दर वेळी चौकोनांची जागा बदलायची. तीनही वेळा उत्तर एकच आलं तर ते खरं.

“पण बाबांनी मला हो म्हटलंय,” लेक म्हणाली.

“त्यांनी किटलीलाही हो म्हटलंय,” मी म्हटलं.

मास्तर दुकानातच बसले होते, फळीमागच्या उंच स्टुलावर. हिवाळा होता, दार उघडं होतं, म्हणून मी माझा करडा कोट चढवला होता. मास्तरांनीच शिवलेला, सहा वर्षांपूर्वी. आम्ही तिघी समोर गिऱ्हाइकांसारख्या उभ्या राहिलो. थेरपीवालीने पाटी पुढे ठेवली आणि हळू, स्पष्ट विचारलं, “काका, लेकीकडे राहायला जायचं, की इथेच राहायचं?”

मास्तरांनी तिन्ही चौकोन पाहिले. एकालाही हात लावला नाही. पान उलटून आपल्या दुकानाच्या पानावर गेले.

“माप,” बातम्यावाला म्हणाला. आणि मग, “राहिलं.”

“कुणाचं माप राहिलं, बाबा?” लेकीने विचारलं.

“माप. राहिलं.”

लेकीने माझ्याकडे पाहिलं, आता झालं, पुन्हा सगळं अडकलं, अशा नजरेने. मास्तरांनी तोवर माणसांचं पान काढलं होतं. बोट एकेका फोटोवरून सरकायला लागलं. लेक. पुढे. जावई. पुढे. नातू, दाताचे डॉक्टर, गॅरेजवाला, थेरपीवाली. मांजरीपाशी पान संपलं. ते पुन्हा वर गेले आणि पुन्हा खाली आले. दुसऱ्यांदा मांजरीपाशी बोट थांबलं तेव्हा मला कळलं की ते कुणाला शोधत आहेत.

मांजरीला बटण होतं, आणि मला नव्हतं. मीच दिलं नव्हतं.

त्यांनी पाटी सोडली आणि मला हाताने जवळ बोलावलं. मी फळीच्या मागे गेले. त्यांनी मला खांद्याला धरून वळवलं, पाठ त्यांच्याकडे, जशी ट्रायलच्या वेळी गिऱ्हाइकाला वळवायचे. मग पाठीवरचं कोटाचं कापड डाव्या मुठीत गोळा केलं. शिंपी सैल कपडा असाच बघतो, जेवढा हातात येतो तेवढा जास्त. माझा कोट त्यांच्या मुठीत भरला, आणि तरी उरला.

“सैल,” बातम्यावाला म्हणाला. मूठ सोडून त्यांनी बटण दाबलं होतं. पुन्हा मूठ, पुन्हा बटण. “सैल.”

“आई,” लेक हळूच म्हणाली, “किती वाळली आहेस गं तू.”

आरशात बघायला मला चार महिने वेळ झाला नव्हता. कुणालाच माझ्याकडे बघायला वेळ झाला नव्हता. सगळ्यांच्या नजरा पलंगाकडे, माझीसुद्धा. आणि त्या पलंगावरून एक माणूस मला बघत होता, बोटा-बोटाने कमी होताना, आणि त्याच्याकडे सांगायला ‘परवा’शिवाय काही नव्हतं. मी वळले. मास्तर माझ्याकडेच बघत होते. न बघताच त्यांनी बोट ठेवलं, तो चौकोन कुठे आहे हे त्यांना आता पाठ होतं.

“काय शिवायचं?”

एकतीस वर्षं दारात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हा प्रश्न विचारला होता. काय हवंय तुम्हाला? कसं हवंय? मला कुणी विचारलंच नव्हतं. मी मास्तरांच्या मनात काय आहे ते शोधत तीन आठवडे जीव टाकला, आणि माझ्या मनात काय आहे ते मी स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं.

“मला नाही जायचं,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “अहो, मला नाही जायचं इथून. हे दुकान, ही गल्ली... मला तिथे चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून राहायचं नाही.” आणि मग मी रडले, उभ्या उभ्या, भोकाड पसरून, लेकीसमोर, परक्या मुलीसमोर. मास्तरांनी माझ्या कोटाची कड धरून ठेवली होती.

थेरपीवालीने डोळे पुसले आणि आपलं काम केलं. पाटीवर ते तीन चौकोन पुन्हा आणले आणि विचारलं. मास्तरांनी लगेच बोट ठेवलं. “राहायचं.” तिने जागा बदलल्या. “राहायचं.” पुन्हा बदलल्या. मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की काय ही पोर, एकदा सांगितलेलं कळत नाही. आणि बोट ठेवलं. “राहायचं.”

म्हणजे त्यांना पहिल्यांदा विचारलं तेव्हाही माहीत होतं. पण आधी माझं माप घेतल्याशिवाय ते कापडाला कात्री लावणार नव्हते.

लेक रागावली. का रागावणार नाही? तिने खोली रंगवून घेतली होती, पलंग आणला होता. ती एका खोक्यावर बसून राहिली. “मग मी काय करू, बाबा?” तिने विचारलं. “मी तिकडून रोज काळजीच करत बसू?”

मास्तरांनी बराच वेळ पानावर शोधलं. तिच्यासाठी लागणारा शब्द आम्ही घातलाच नव्हता. शेवटी त्यांनी लेकीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि पान उलटून दुसऱ्या शब्दावर. बातम्यावाल्याने लेकीला हाक मारली आणि म्हटलं, “अस्तर.”

लेकीला शिंप्याची भाषा येते, ती या फळीखाली खेळत मोठी झाली. अस्तर बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि ऊब सगळी त्याची असते. ती उठली आणि मास्तरांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मास्तर तिच्या पाठीवर थापटत होते, “परवा, परवा,” म्हणत. त्या वेळच्या परवाचा अर्थ कुणालाही कळला असता.

चार वाजता मालक आला. किल्ली न घेता, चहा पिऊन गेला.

खोके मोडून ठेवायच्या आधी थेरपीवालीने माझा फोटो काढला, करड्या कोटात, नाक लाल झालेलं. “काकू, खाली काय लिहू? तुमचं नाव?”

मी सांगणार तोच मास्तरांनी जोरजोरात हात हलवला. नाही. नाव नको. मुलगी गोंधळली. पण मला कळलं, आणि ते तोंडाने सांगताना मला नव्या नवरीसारखी लाज वाटली. “‘अगं’ लिही,” मी म्हटलं.

आता दुकान सकाळी चार तास उघडं असतं. नवे कपडे आम्ही शिवत नाही, फक्त आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं. यंत्रावर मी बसते आणि शेजारी स्टुलावर मास्तर बसतात, मांडीवर पाटी घेऊन. काल माझ्याकडून एकाच पँटची खालची दुमड त्यांनी तीनदा उसवून घेतली. तिसऱ्या वेळी उलट्या बाहीचा फोटोही दाबला.

पण त्या शनिवारचं सांगते. संध्याकाळी लेक रिकाम्या हाताने परत गेली. मी मागच्या खोलीत दिवा लावून भांडी आवरत होते. कोट अजून अंगावरच होता. दुकानातून आवाज आला, स्वच्छ, निर्विकार, बातम्या सांगितल्यासारखा.

“अगं.”

हातातलं भांडं निसटलं. मी भांडी, पाणी, दिवा, सगळं सोडून धावले. “काय हो? काय हवंय? पाय दुखतोय?”

मास्तरांनी मान हलवली, आडवी. या वेळी ती खरोखरच नाही होती. त्यांना काही नको होतं. ते माझ्याकडे बघून हसले, मी परत आत वळले, दोन पावलं गेले, तोच मागून पुन्हा आलं.

“अगं.”

“आले,” मी म्हटलं.